वाचकांचे प्रश्न : ओढ्यातल्या दगडावरचा भुंगेरा

पावसाळा सरला की मुंबईकरांचे पाय बदलापूर, कर्जत, मुरबाडकडच्या ओढ्यांकडे वळतात आणि पाण्यातल्या किड्यांबद्दलची पत्रे येऊ लागतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच जिवाकडे आहे : वाहत्या पाण्यात दगडांना धरून राहणारे एल्मिडे कुळातले बारीक भुंगेरे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : बदलापूरजवळच्या ओढ्यात घोटाभर पाण्यातून एक दगड उचलला. त्यावर तिळाएवढे काळपट भुंगेरे हळूहळू चालत होते. दगड परत पाण्यात ठेवून बराच वेळ पाहिले, पण एकही श्वास घ्यायला वर आला नाही. पोहतानाही दिसला नाही. मग हे पाण्याखाली जगतात कसे? – एक वाचक, बोरिवली

वर्णनावरून तुमचा भुंगेरा एल्मिडे कुळातला असावा. जगभरात या कुळाच्या दीड हजारांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. बहुतेकांची लांबी १ ते ५ मिलिमीटर. आपल्याकडे या कुळातला स्टेनेल्मिस हा गट सापडतो.

तो पोहत नाही हे तुम्ही अचूक टिपलेत. डबक्यात सरसर पोहणाऱ्या डिटिस्किडे कुळातल्या भुंगेऱ्यांच्या मागच्या पायांवर केसांची झालर असते. एल्मिडेच्या पायांना ती नसते. त्याऐवजी पाय लांब असतात, पायाच्या टोकाचे पेर बाकीच्या पेरांपेक्षा चांगलेच मोठे असते आणि त्यावर दोन दणकट नख्या असतात. दगड हातून सुटलाच, तर हा प्राणी प्रवाहाबरोबर वाहत जातो आणि पुढे कुठे नख्या अडकल्या की पुन्हा चालू लागतो. दगडावरचे शेवाळ आणि कुजका गाळ खरवडून खाणे हाच त्याचा दिनक्रम, त्यामुळे त्याला पोहून कुठे जायचे नसते.

आता श्वासाचे. या भुंगेऱ्याच्या पोटाकडच्या बाजूला आणि कडांना पाणी न धरणाऱ्या, अतिशय सूक्ष्म केसांचे दाट आवरण असते. त्या केसांत हवेचा पातळ थर अडकून राहतो. याला प्लास्ट्रॉन म्हणतात. भुंगेरा पाण्यात असताना दहापट भिंगातून पोटाकडून पाहिलात, तर हा थर चंदेरी चमकतो. त्याची श्वासरंध्रे याच थरात उघडतात.

डिटिस्किडे भुंगेराही हवा बरोबर नेतो, पण पंखांखाली बुडबुडा धरून. त्या बुडबुड्यातला ऑक्सिजन वापरला जातो तसे नायट्रोजनचे प्रमाण वाढते, नायट्रोजन हळूहळू पाण्यात विरघळतो, बुडबुडा आकसतो आणि भुंगेऱ्याला नवी हवा घ्यायला वर यावेच लागते. प्लास्ट्रॉनमध्ये हवा आणि पाणी यांच्यातली सीमा केसांनी पक्की धरलेली असते. थर आकसू शकत नाही, त्यामुळे नायट्रोजन टिकून राहतो आणि भुंगेरा जेवढा ऑक्सिजन वापरतो तेवढा भोवतालच्या पाण्यातून थरात शिरत राहतो. म्हणून त्याला वर यायची गरज पडत नाही. बऱ्याच जातींमध्ये भुंगेरा कोषातून बाहेर आल्यावर एकदा उडतो, पाण्यात शिरतो आणि पुढचे आयुष्य पाण्याखालीच काढतो. काहींचे उडण्याचे स्नायूही त्यानंतर झिजून जातात.

या व्यवस्थेची एक अट आहे. पाण्यात ऑक्सिजन भरपूर हवा. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५. कोकणातले पाणी मुळात कोमट, त्यामुळे इथे हातात थोडकीच शिल्लक असते. उथळ पाणी दगडांवरून खळाळत जाते तेव्हा हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळत राहतो, आणि प्रवाहामुळे भुंगेऱ्याच्या अंगालगतचे वापरलेले पाणी सतत बदलते. साचलेल्या, कुजक्या पाण्यात ऑक्सिजन फार उतरला, तर तो उलट थरातून पाण्यात जाऊ लागतो. मग जीव वाचवणारा थरच जिवावर उठतो.

प्रश्न : हा हवेचा थर सातवीच्या मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल का? जिवंत किडे वर्गात आणायचे नाहीत. – एक शिक्षिका, दादर

येईल, आणि मंडईतल्या अळूच्या पानावर तो फार चांगला दिसतो. अळूच्या वरच्या पृष्ठभागावर मेणाचे सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकते. तत्त्व तेच.

साहित्य : न धुतलेले ताजे अळूचे पान, दोन काचेचे पारदर्शक ग्लास, भांडी घासायचे द्रव साबण, कात्री, वजनाला दोन स्टीलचे चमचे. पानाचा साधारण ३ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर लांब तुकडा कापा, असे दोन. धरताना फक्त कडेला धरा. देठाच्या रसाने हात खाजतो, म्हणून कापणे तुम्ही करा, मुलांकडे देऊ नका.

दोन्ही ग्लासांत २५० मिलिलिटर पाणी घ्या आणि तासभर नुसते ठेवा. ही पायरी गाळू नका. नळाचे ताजे पाणी दाबाखालून आलेले असते, त्यातून सुटणारे बारीक बुडबुडे पानावर बसतात आणि मुलांना वाटते हाच तो थर. तासाभराने एका ग्लासात पाव चमचा साबण घाला आणि फेस न येईल इतक्या हळू ढवळा.

पहिला तुकडा साध्या पाण्यात चमच्याने दाबून बुडवा. सरळ वरून पाहिले तर पान हिरवेच दिसेल. मान खाली करून ग्लासाच्या बाजूने, तिरके पाहायला सांगा : पानाचा वरचा भाग आरशागत चंदेरी होतो. बाहेर काढल्यावर तुकडा कोरडा असतो. दुसरा तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवा. चमक कडांकडून तुटू लागते, गडद हिरवे डाग पसरतात आणि थोड्या वेळात सगळे पान साध्या ओल्या पानासारखे दिसते. बाहेर काढले की पाणी त्यावर पसरून राहते. आता हाच ओला तुकडा पहिल्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात बुडवून दाखवा. चमक परत येत नाही. मुलांनी नेमके हेच पाहायला हवे, म्हणून इथे घाई करू नका.

कारण पृष्ठताण. २५ अंशांना शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. साबणाने तो निम्म्याच्याही खाली येतो. ताण उतरला की पाणी उंचवट्यांमधल्या फटींत शिरते आणि हवा बाहेर पडते. भुंगेऱ्याचे केस अळूच्या उंचवट्यांपेक्षा कितीतरी बारीक आणि दाट असतात, त्यामुळे त्याचा थर अधिक चिवट असतो. पण साबणापुढे त्याचेही तेच होते, आणि त्याला आत शिरलेले पाणी झटकून टाकायला जागा नसते.

प्रयोग फसला तर बहुधा पुढच्यापैकी काही झालेले असते : भाजीवाल्याने पानांच्या जुड्या रगडून ठेवल्यामुळे मेण गेले, मुलांनी पानावर बोटे फिरवली, पान उलटे बुडवले, किंवा साबणाच्या पाण्यातला चमचा साध्या ग्लासात घातला. चमचे वेगळे ठेवा. वरच्या वर्गांसाठी एक भर घालता येईल : साबणाचे पाणी ड्रॉपरने एकेक थेंब घालत जा आणि चमक तुटायला कितव्या थेंबाला सुरुवात झाली ते लिहून घ्या.

प्रश्न : त्याच ओढ्यात दगडाखाली ५ मिलिमीटर लांबीची, कडक अंगाची तपकिरी अळी मिळाली. बशीत ठेवल्यावर काही वेळाने शेपटीतून पांढरे झुबके बाहेर यायचे आणि आत जायचे. हा रोग आहे का? – एक विद्यार्थी, ठाणे

नाही. ही बहुधा याच भुंगेऱ्याची अळी आहे आणि ते झुबके तिचे कल्ले आहेत. अळीला प्लास्ट्रॉन नसतो. पोटाच्या शेवटच्या खंडाखाली एक कप्पा असतो, त्याला झाकण असते, आणि आत धाग्यांसारख्या कल्ल्यांचे झुबके मिटून ठेवलेले असतात. वाहत्या पाण्यात ते जरासेच बाहेर असतात. बशीतले पाणी साचलेले असते, ऑक्सिजन कमी पडू लागतो, म्हणून अळी कल्ले पसरून आतबाहेर हलवते आणि भोवतालचे पाणी ढवळते. ही तिची धाप आहे. झुबके भरभर हलताना दिसले की बशी लगेच ओढ्यात रिकामी करा.

अळी अनेकदा कात टाकून वाढते. पूर्ण वाढल्यावर ती पाण्यातून बाहेर येते आणि काठालगतच्या ओल्या वाळूत, मातीत किंवा दगडाखाली कोष करते. पाण्यात कोष होत नाही. काठ कसा आहे यावर पुढच्या पिढीचे सगळे अवलंबून असते. दहिसर नदीच्या प्रश्नात हा मुद्दा पुन्हा येईल.

प्रश्न : दगड उलटून पाहण्याची नीट पद्धत सांगा. नॅशनल पार्कमध्ये किंवा येऊरला पाहिले तर चालेल का? – निसर्गमंडळाचे सदस्य, मुलुंड

आधी दुसऱ्या भागाचे उत्तर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय किडे पकडणे, गोळा करणे किंवा ओढ्यात काही उचकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. येऊर आणि कान्हेरीचे ओढेही उद्यानातच येतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तिथे काठावरून नुसते पाहा. दगड उचलायचे असतील तर उद्यानाबाहेरचा, जिथे जायला मनाई नाही असा ओढा निवडा आणि ती जमीन वन विभागाची आहे का हे गावात विचारून घ्या.

ऋतू : ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत. पाणी वाहते असते आणि नितळही. जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्यात उतरणे धोक्याचे असते. वर डोंगरात सर आली तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. शिवाय त्या प्रवाहात दगड गडगडत असतात, तेव्हा भुंगेरे फारसे हातीही लागत नाहीत.

जागा : पाणी घोट्यापासून पोटरीपर्यंत, पृष्ठभाग खळबळलेला, तळाशी मुठीएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंत खडबडीत काळे दगड. संथ डोहात शोधू नका. दगडावर गाळाचा जाड लेप असेल तर तोही सोडा. पाण्यात पडून जुना झालेला लाकडाचा ओंडका मिळाला तर जरूर पाहा, या कुळातल्या काही जातींना लाकूड फार आवडते.

सोबत पांढरा ट्रे किंवा पांढरी खोलगट थाळी, मैद्याची बारीक चाळण, जुना मऊ टूथब्रश, दहापट भिंग आणि मऊ ब्रश एवढे पुरते. चहाची गाळणी मोठ्या भुंगेऱ्यांना चालते, पण लहान अळ्या तिच्यातून निसटतात. सर्वेक्षणासाठी अर्ध्या मिलिमीटर छिद्रांची जाळी वापरतात. ट्रेमध्ये ओढ्याचेच २ ते ३ सेंटिमीटर पाणी घ्या. नळाचे पाणी घेऊ नका, त्यात क्लोरीन असते.

प्रवाहाच्या उतरत्या बाजूला, दगडाला चिकटून चाळण धरा. दगड हळू उचला, म्हणजे सुटलेले जीव चाळणीत जातील. दगड ट्रेवर धरून टूथब्रशने हलकेच झाडा, चाळणही त्यात उलटी करा. आता थांबा. बरेच जण इथे ट्रेमध्ये काहीच नाही म्हणून पाणी ओतून देतात. धक्का लागलेला एल्मिडे भुंगेरा पाय आखडून मातीच्या कणासारखा पडून राहतो. ट्रे न हलवता ५ मिनिटे पाहत राहिलात की ‘कण’ चालू लागतात. ट्रे सावलीत ठेवा आणि १० ते १५ मिनिटांत मोकळा करा, कारण उथळ पाणी उन्हात पटकन तापते.

दगड परत ठेवताना तो होता त्याच खड्ड्यात, तीच बाजू वर करून ठेवा. वरच्या बाजूला शेवाळ असते, खालच्या बाजूला अंडी आणि अळ्या. उलटा ठेवला तर दोन्ही मरतात. एका जागी चार-पाच दगडांपलीकडे जाऊ नका.

हातांना सनस्क्रीन, डास पळवणारे मलम किंवा साबण लागलेला असेल तर पाण्यात हात घालू नका. डबे घरून साबणाने धुऊन आणले असतील तर ओढ्यापासून दूर, साध्या पाण्याने चार वेळा खळबळून घ्या. अळूचा प्रयोग केला असेल तर याचे कारण सांगायला नको. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका, आणि उतरल्यानंतरच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचे आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचे निदान त्यामुळे लवकर होते.

प्रश्न : पाण्यावर घोळक्याने गरगर फिरणारे चकचकीत भुंगेरे तेच का? – एक वाचक, डोंबिवली

नाही, ते जायरिनिडे कुळातले. ते पृष्ठभागावर राहतात आणि त्यांचा प्रत्येक डोळा दोन भागांत विभागलेला असतो, एक भाग पाण्यावर पाहायला आणि एक पाण्याखाली. एल्मिडे तळाशी असतो, चकचकीत नसतो आणि पाठीवर खळग्यांच्या उभ्या रांगा असतात. दगडाला नाण्यासारखी चपटी, गोल, पाय न दिसणारी गोष्ट चिकटलेली दिसली, तर ती सेफेनिडे या दुसऱ्याच कुळातल्या भुंगेऱ्याची अळी. दोघे एकाच दगडावर सापडू शकतात.

प्रश्न : दहिसर नदी उद्यानात नितळ दिसते आणि बाहेर आल्यावर तिचा नाला होतो. सांडपाणी थांबवले तर हे भुंगेरे शहराच्या भागात परत येतील का? – नदीकाठचे रहिवासी, दहिसर

नुसते सांडपाणी थांबवून येणार नाहीत. तीन गोष्टी लागतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली, साबण. मैल्याने पाण्यातला ऑक्सिजन उतरतो, हे सर्वांना माहीत असते. पण कपडे धुण्याचे पाणी दिसायला फारसे घाण नसते, म्हणून त्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. या भुंगेऱ्याच्या बाबतीत तेच सर्वांत घातक. ऑक्सिजन पुरेसा असतानाही साबण प्लास्ट्रॉनमध्ये पाणी शिरवतो आणि भुंगेरा बुडून मरतो. उद्यानाच्या हद्दीबाहेर पडताच नदीला वस्त्यांचे, धोबीकामाचे आणि गोठ्यांचे पाणी मिळते. हवा देऊन चालणाऱ्या मलशुद्धीकरण प्रक्रियेत आजच्या धुण्याच्या पावडरींतला मुख्य घटक बहुतांशी विघटित होतो. त्यामुळे हे पाणी वळवून प्रकल्पापर्यंत नेले तर उपाय आहे. नुसते गाळून नदीत सोडले तर काहीच साधत नाही, कारण विरघळलेला साबण जाळीतून आरपार जातो.

दुसरी, तळ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या पुरानंतर मुंबईच्या नद्या रुंद आणि खोल करण्याचे आणि काठांना काँक्रीटच्या भिंती घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. पुराचे पाणी लवकर निघून जावे हा हेतू योग्यच होता, त्या दिवशी माणसे गेली आहेत. पण दरवर्षी गाळ काढताना गोटेही उपसले जातात आणि सपाट तळावरून पाणी एकाच जाडीच्या थराने वाहते. भुंगेऱ्याला पकडायला खडबडीत दगड नाही, दगडाखाली फट नाही, आणि पाणी खळाळत नसल्याने हवाही मिसळत नाही. गाळ काढताना गोट्यांचे काही पट्टे जागेवर ठेवले, तर पाणी वाहून जाण्याला फारशी बाधा न आणता हे साधता येते. हे पट्टे नेमके कुठे ठेवायचे हे पूरपातळीचा हिशेब करणाऱ्या अभियंत्यांनीच ठरवायला हवे.

तिसरी, काठ. अळीला कोष करायला ओली माती किंवा वाळू हवी, हे वर आलेच आहे. सरळ उभ्या भिंतीला असा काठ नसतोच. पाणी भिंतीला भिडते आणि अळी बाहेर पडली तरी तिला जायला जागा नाही. भिंत आवश्यक आहे तिथेही तिच्या पायथ्याशी दगड-मातीची उतरती पट्टी ठेवता येते. जिथे दगड जाळीत भरून, काँक्रीट न ओतता काठ बांधता येईल, तिथे तो तसा बांधावा. फटींत माती साठते आणि तिथे जीव धरतो.

या तीन गोष्टी झाल्या तर भुंगेरे आणून सोडायची गरज पडत नाही, आणि आणून सोडूही नयेत. वरच्या भागात त्यांची वस्ती असली, तर अळ्या आणि भुंगेरे प्रवाहाबरोबर आपोआप खाली वाहत येतात आणि कोषातून निघालेले भुंगेरे उडूनही येतात. साबण थांबण्याआधी गोटे टाकले, तर खाली आलेला प्रत्येक भुंगेरा त्या गोट्यांवर मरणार. म्हणून वॉर्डच्या बैठकीत मागणी करताना धुण्याचे पाणी वळवणे सर्वांत वर लिहा.

प्रश्न : घरच्या फिशटँकमध्ये शेवाळ खायला हे भुंगेरे ठेवावेत का? – एक वाचक, चेंबूर

ठेवू नयेत. हवेचा पंप आणि जोराचा प्रवाह दिला तर मोठे भुंगेरे काही काळ जगतील, पण ते इतके लहान आहेत की काचेवरच्या शेवाळात काडीचा फरक पडणार नाही. टाकीत ओला काठ नसतो, म्हणून पिढी पुढे जात नाही. माशांच्या बुरशीवरची औषधे आणि टाकी पुसताना राहिलेला साबण यातच ते संपतात. शेवाळाची तक्रार असेल तर दिव्याचे तास ८ वर आणा आणि खाणे कमी टाका.

प्रश्न : पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली रोज बारीक भुंगेरे जमतात. ते हेच का? एकदा मानेवर चिरडला तर दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा चट्टा उठला. – एक गृहिणी, गोरेगाव

उष्ण प्रदेशांत एल्मिडे भुंगेरेही रात्री दिव्यावर येतात, पण ते चावत नाहीत आणि अंगावर चट्टा उठवत नाहीत. तुमचा चट्टा बहुधा पेडेरस या वेगळ्या भुंगेऱ्यामुळे उठला. तो ७ ते १० मिलिमीटर लांब, सडपातळ, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा असतो, वरचे कडक पंख आखूड असल्याने पोट उघडे दिसते आणि तो मुंगीसारखा भरभर पळतो. तो डंख मारत नाही. चिरडल्यावर त्याच्या अंगातला, पेडेरिन हे विष असलेला द्रव त्वचेला लागतो आणि काही तासांनी ते कातडे भाजल्यासारखे होते.

अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारा किंवा कागदावर घेऊन बाहेर टाका. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा आणि त्या हाताने डोळे चोळू नका. डोळ्याला लागले तर डॉक्टरांकडे जा. संध्याकाळी खिडकीला बारीक जाळी लावा, पलंग दिव्याच्या बरोबर खाली ठेवू नका.

प्रश्न : ओढ्यात एल्मिडे मिळाले म्हणजे पाणी पिण्याजोगे आहे असे समजावे का? – एक गिर्यारोहक, विलेपार्ले

अजिबात नाही. हा भुंगेरा ऑक्सिजन आणि साबणाबद्दल सांगतो, जंतूंबद्दल नाही. वरच्या बाजूला गुरे मुतली असतील तरी तो खुशाल दगडावर चालत असेल. पाणी उकळूनच प्या.

जीवांवरून प्रवाहाची प्रत ठरवण्याची एक ब्रिटिश गुणपद्धत आहे, तिचे नाव बीएमडब्ल्यूपी. त्यात प्रत्येक कुळाला १ ते १० गुण असतात; ज्याला घाण पाणी जितके कमी सोसते, त्याचे गुण तितके जास्त. पुढे आलेले स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय हे लहानपणी पाण्यात वाढणारे कीटक. स्टोनफ्लायच्या पर्लिडे कुळाला १०, मेफ्लायच्या हेप्टाजिनिडेला १०, एल्मिडेला ५, बेटिडे मेफ्लायला ४, लाल अळ्यांच्या कायरोनोमिडेला २. मिळालेल्या कुळांच्या गुणांची बेरीज करून कुळांच्या संख्येने भागायचे. समजा हेप्टाजिनिडे, एल्मिडे, बेटिडे आणि कायरोनोमिडे मिळाले : १० + ५ + ४ + २ = २१, भागिले ४, म्हणजे ५.२५. एका कुळाचे किती जीव मिळाले याला इथे महत्त्व नाही. ही पद्धत ब्रिटनच्या नद्यांवर बेतलेली आहे, म्हणून कोकणातल्या आकड्याची तुलना तिकडच्या नदीशी करू नका. एकाच ओढ्याचा वरचा आणि खालचा भाग, किंवा त्याच जागेची दोन वर्षे, अशी तुलना करा. आमच्या मते एल्मिडेचे ५ गुण धुण्याच्या पाण्याचा त्रास कमी दाखवतात, कारण गुण मुख्यतः मैल्याचा विचार करून दिलेले आहेत. ओढ्यावर कपडे धुण्याची जागा असेल तर तिच्या वर आणि खाली एल्मिडे आहेत की नाहीत, हे वेगळ्या रकान्यात लिहा.

प्रश्न : फोटोवरून जात ओळखून मिळेल का? – एक छायाचित्रकार, कांदिवली

कूळ नक्की, गट बहुधा, जात क्वचित. या भुंगेऱ्यांच्या बऱ्याच जाती नराचे प्रजनन अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत, त्यामुळे फोटो पाहून कोणी छातीठोकपणे जात सांगितली तर सावध राहा. मोबाइलला लावायचे मॅक्रो भिंग पुरते. ट्रेखाली मिलिमीटरचा आलेख कागद ठेवा, म्हणजे लांबी फोटोतच येते. तीन फोटो घ्या : पाठीचा, कडेचा आणि पोटाचा. पोटाचा फोटो काचेच्या छोट्या बशीत पाणी आणि भुंगेरा ठेवून, बशी उचलून खालून काढा. चंदेरी थर त्यातच दिसतो. पाण्याबाहेर काढून फोटो घेतला तर पाठीवर पाण्याचा थेंब चमकतो आणि खळग्यांच्या रांगा झाकल्या जातात. फोटोबरोबर तारीख, गाव, ओढ्याचे नाव, पाण्याची खोली, दगड की लाकूड, आणि वरच्या बाजूला धुण्याची जागा आहे का, एवढे लिहून पाठवा.